गोल सोडून पुढें येणारा
(ज्युबिलीच्या सामन्यांनंतर तरुणांच्या मेळाव्यांत केलेलें भाषण)



काल ज्युबिलीच्या सामन्यांत आपल्या एका गोलरक्षकानें जागा सोडून पुढें धांव घेतली, चेंडू त्याच्या पायांतून निसटला आणि गोल झाला. सारें मैदान हंसलें. आम्हीही हंसलों, हें कबूल केलें पाहिजे. रात्रीं प्रार्थनेच्या वेळीं त्या मुलाचा उतरलेला चेहरा आमच्या डोळ्यांपुढून हालेना; म्हणून आज आम्ही एका गोलरक्षकाचीच हकीकत सांगणार आहों.

रेने हिगिता याचा जन्म १९६६ सालीं कोलंबिया देशांतील मेदेयीन शहरीं झाला. गोलरक्षकानें दोन खांबांमध्यें उभें राहावें व चेंडू हातांनीं अडवावा, हा सर्वमान्य दंडक. हिगिता मात्र चेंडू पायाशीं घेऊन, प्रतिपक्षाच्या गड्यांना हुलकावण्या देत, पार पुढें जाई. लोकांनीं त्याला ‘वेडा’ हेंच नांव दिलें. परंतु त्याचे गुरु फ्रान्सिस्को मातुराना यांनीं त्या वेडाचा उपयोग ओळखला. बचावाची फळी पुढें सरकली म्हणजे तिच्या मागची मोकळी जागा राखणारा एक गडी संघाला अधिक मिळत होता. १९८९ सालीं मेदेयीनच्या अत्लेतिको नासियोनाल संघानें दक्षिण अमेरिकेचा लिबेर्तादोरेस चषक जिंकला. कोलंबियाच्या संघाला हा मान प्रथमच लाभला. अंतिम निर्णय पेनल्टींवर गेला, तेव्हां हिगितानें चार पेनल्टी अडविल्या आणि एक स्वतः मारून गोल केला.

पुढच्याच वर्षीं, २३ जून १९९० रोजीं, इटलींतील नेपल्स येथें विश्वचषकाच्या सामन्यांत कॅमेरूनशीं गांठ पडली. जादा वेळांत कोलंबियावर एक गोल झाला होता. अशा वेळीं गोलापासून दूर उभ्या असलेल्या हिगितानें अडतीस वर्षांच्या रोजे मिला याला हुलकावणी देऊं पाहिलें. मिलानें चेंडू काढून घेतला आणि रिकाम्या गोलांत मारला. कोलंबिया २-१ असा हरला व स्पर्धेबाहेर गेला. हिगितानें दोष दुसऱ्या कोणावर ढकलला नाहीं. चूक आपलीच, असें त्यानें उघड सांगितलें.

तो खेळत राहिला. ६ सप्टेंबर १९९५ रोजीं लंडनच्या वेम्बली मैदानावर गोलाकडे येणारा चेंडू हातांनीं सहज धरतां आला असता. पण त्यानें पुढें झेप घेतली आणि विंचवानें नांगी उचलावी तशा दोन्ही टांचा पाठीवरून उचलून चेंडू परतविला. दरम्यान १९९२ सालीं नियमच बदलला. सहकाऱ्यानें पायानें मुद्दाम परत दिलेला चेंडू गोलरक्षकानें हातीं घेऊं नये, असें ठरलें. आज गोलरक्षकाचे पाय तरबेज असलेच पाहिजेत. पुढें येणाऱ्याला आतां कोणी वेडा म्हणत नाहीं.

हा गृहस्थ कांहीं संत नव्हे. १९९३ सालीं एका अपहृत मुलीच्या सुटकेसाठीं मध्यस्थी करून पैसे घेतल्यामुळें तो कित्येक महिने तुरुंगांत होता, आणि १९९४ चा विश्वचषक त्याला मुकावा लागला. त्याचें सारेंच अनुकरण करा, असें आम्ही म्हणत नाहीं. नेपल्सच्या त्या हुलकावणींत संघाची गरज किती आणि स्वतःची ऐट किती, हेंही ज्यानें त्यानें तपासावें.

परंतु शुभवर्तमानांतील तो सेवक आठवा, ज्यानें धन्याचें धन भीतीपोटीं जमिनींत पुरून ठेवलें. त्यानें कांहीं गमावलें नव्हतें. तरीही धनी रागावला. वाचन करतांना अडखळूं म्हणून मिस्सेच्या वेळीं पुढें न येणारीं, सूर चुकेल म्हणून गायकवृंदांत न येणारीं मुलें आपल्या धर्मग्रामांत थोडीं नाहींत. त्यांना भित्रीं म्हणण्यापूर्वी आपण वडीलधाऱ्यांनीं स्वतःस विचारावें: तीं पूर्वी एकदां चुकलीं तेव्हां हंसलें कोण?

कालच्या त्या मुलाला आमचें इतकेंच सांगणें आहे. बाळा, पुढें येण्यापूर्वी प्रतिपक्षाचा गडी कोठें उभा आहे तें पाहा. पण पुढें येणें सोडूं नकोस. पुढच्या सामन्यांतही तूंच गोलांत उभा राहा. आम्ही तुझ्या गोलामागें उभे राहूं, आणि या वेळीं हंसणार नाहीं.

परमेश्वर तुम्हां सर्वांस आशीर्वाद देवो.