मराठवाड्यातील परकीय गुंतवणूक आणि रोजगाराचा हिशेब



परदेशी कंपनी केवळ शेअर घेऊन लाभांशावर न थांबता स्वतःच्या व्यवस्थापनाखाली कारखाना किंवा सेवाकेंद्र उभारते, तेव्हा त्यासाठी येणाऱ्या दीर्घ मुदतीच्या भांडवलाला थेट परकीय गुंतवणूक म्हणतात. मागास प्रदेशात या भांडवलाचे मोल त्याच्या रकमेवरून ठरत नाही, तर त्याच्या पाठोपाठ आसपासच्या किती हातांना काम मिळते यावरून ठरते, आणि मराठवाड्यापुरता हाच हिशेब आजवर नीट मांडला गेलेला नाही.

1948 साली निजामी राजवटीतून मुक्त झालेला हा प्रदेश 1960 साली महाराष्ट्र राज्यात आला, तो सिंचन, रेल्वे आणि उद्योग या तिन्ही बाबतींत मागे राहूनच. राज्याच्या सरासरीपेक्षा एखादा विभाग जितका मागे असतो त्या तुटीला अनुशेष म्हणतात. दांडेकर समितीने 1984 साली तो मोजला आणि केळकर समितीने 2013 साली प्रादेशिक असमतोलाचा प्रश्न पुन्हा तपासला. मात्र मराठवाड्याच्या आतही एक असमतोल आहे. उद्योग प्रामुख्याने छत्रपती संभाजीनगर आणि जालन्यात एकवटले, तर बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे आजही मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या फडांवर ऊसतोडीला जातात, जिथे नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो आणि हिशेबही जोडीचाच होतो.

गुंतवणुकीतून रोजगार कसा वाढतो हे पाहण्यासाठी छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजचे उदाहरण पुरेसे बोलके आहे, जरी तिथले मूळ भांडवल देशीच होते. 1985 साली बजाज ऑटोचा कारखाना तिथे सुरू झाला आणि त्याला ओतकाम, प्रेसकाम, मशीनिंग व टूलरूमची कामे पुरवणारे व्हेंडर भोवताली उभे राहिले. त्याच वर्षी तत्कालीन औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सुरू झालेल्या एंड्युरन्स या पुरवठादार कंपनीचे कारखाने आज इटली आणि जर्मनीतही आहेत. याउलट 2001 साली याच शहराजवळच्या शेंद्र्यात उत्पादन सुरू करणाऱ्या स्कोडाच्या कारखान्यात मुख्यतः आयात केलेल्या सुट्या भागांच्या संचांची जोडणी होत राहिली. अशा कारखान्याने शहराचे नाव जगाच्या नकाशावर जाते, पण पुरवठादारांची साखळी लांबत नाही. मोठ्या बोधचिन्हाच्या मोहात हा फरक धोरणकर्ते विसरतात, असे म्हणावे लागते.

आयर्लंडचा अनुभवही इथे उपयोगी ठरतो. त्या देशाने 1959 साली शॅनन विमानतळालगत निर्यातीसाठी करसवलतीचे क्षेत्र उभारून परदेशी कंपन्यांना बोलावले आणि पुढे त्यावर मोठी औद्योगिक प्रगती साधली, परंतु 2009 साली डेल कंपनीने लिमरिकमधील संगणकांचे उत्पादन पोलंडमधील लोड्झ शहरात हलवले, तेव्हा सुमारे 1,900 नोकऱ्या गेल्या. केवळ सवलतीसाठी आलेला कारखाना अधिक स्वस्त जागा दिसताच निघून जाऊ शकतो. जो स्थानिक पुरवठादारांत आणि कुशल कामगारांत गुंतलेला असतो, त्याला निघणे महाग पडते.

महाराष्ट्राच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत तालुक्यांची मागासपणानुसार वर्गवारी करून करपरतावा, वीजशुल्कमाफी आणि मुद्रांकशुल्कमाफी दिली जाते. विशाल प्रकल्पाचा दर्जा रोजगाराच्या निकषावरही मिळू शकतो, हे खरे. पण लाभाची कमाल मर्यादा मुख्यतः जमीन, इमारत आणि यंत्रे यांवरील भांडवली खर्चावरून ठरत असल्याने यंत्रमानव बसवणाऱ्याला माणसे लावणाऱ्यापेक्षा अधिक सवलत मिळू शकते. त्यातच 80 टक्के नोकऱ्या स्थानिकांना देण्याची अट असली, तरी स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात 15 वर्षे वास्तव्य असलेली व्यक्ती. त्यामुळे पुण्याहून शेंद्र्यात आलेला अभियंता त्या अटीत बसतो आणि बीड जिल्ह्यातील गेवराईचा आयटीआय झालेला मुलगा बाहेर राहिला, तरी कागदावर नियमभंग होत नाही.

31 जुलै 2024 रोजी टोयोटा किर्लोस्करने छत्रपती संभाजीनगरातील नियोजित मोटार कारखान्यासाठी राज्य शासनाशी सुमारे 20,000 कोटी रुपयांचा सामंजस्य करार केला. सामंजस्य करार म्हणजे इरादा नोंदवणारा दस्तऐवज. तो कारखाना उभारण्याचे कायदेशीर बंधन घालत नाही. त्या वेळी 8,000 थेट रोजगारांचा आकडा जाहीर झाला होता, म्हणजे एका नोकरीमागे अडीच कोटी रुपये. मोटार उद्योगात हे अनपेक्षित नाही, आणि या प्रकल्पाचे स्वागतच व्हायला हवे. मात्र बेरोजगारीवरचा उतारा म्हणून त्याकडे पाहायचे असेल, तर तो उतारा कारखान्याच्या फाटकाबाहेरच, सुट्या भागांच्या खरेदीत शोधावा लागेल.

म्हणून या परिषदेने राज्य शासनाकडे आग्रह धरावा की, मराठवाड्यातील विशाल प्रकल्पांना मिळणाऱ्या परताव्याचा एक भाग आठही जिल्ह्यांतील पुरवठादारांकडून प्रत्यक्ष झालेल्या खरेदीशी आणि विभागातील रहिवाशांच्या भविष्यनिर्वाह निधीत नोंदलेल्या वेतनाशी जोडावा, आणि ही आकडेवारी दरवर्षी तालुकानिहाय प्रसिद्ध करावी. तसा ठराव याच अधिवेशनात मंजूर करावा, ही प्रतिनिधींना विनंती आहे.