परदेशी शिकणाऱ्यांची प्रकृती

(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



सुरतेला समुद्रप्रवास नवा नाही. या बंदरातून शतकानुशतके माणसे परमुलखी गेली. आज आपल्या घरांतील मुले-मुली व्यापारासाठी नव्हे, तर विद्येसाठी जातात. त्यांच्या निरोपाच्या वेळी शुल्क, व्हिसा, तिकीट यांची चर्चा होते. प्रकृतीची क्वचितच होते. म्हणून आज डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र या दृष्टीने पाहावे, असे मला वाटते.

आनंदीबाई १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघाल्या, तेव्हा त्यांचे वय अवघे १८ वर्षांचे होते. निघण्यापूर्वीच त्यांना अशक्तपणा, डोकेदुखी, अधूनमधून ताप आणि धाप यांचा त्रास होता. अमेरिकेतील कार्पेंटरबाईंनी पाठविलेल्या औषधांनीही गुण आला नव्हता. पुढे फिलाडेल्फियाची थंडी, अनोळखी अन्न आणि अभ्यासाचे श्रम यांत प्रकृती ढासळत गेली. १८८६ च्या मार्चमध्ये त्यांनी वैद्यकाची पदवी मिळविली; २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. वयाची २२ वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

त्यांचे धैर्य आपण गौरवितो, ते योग्यच आहे. परंतु त्या काळी क्षयावर औषध नव्हते. कॉख यांनी क्षयाचे जंतू १८८२ मध्ये दाखवून दिले. स्ट्रेप्टोमायसिन आले ते १९४० नंतर. आज तपासणीही आहे आणि औषधही आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ राहू इच्छिणाऱ्या भारतीयांकडून ब्रिटन क्षयतपासणीचा दाखला मागते. या दाखल्याकडे केवळ सरकारी उपचार म्हणून पाहू नये. आनंदीबाईंना जे लाभले नाही, ते आपल्या मुलांना लाभत आहे.

तेव्हा निघण्यापूर्वी संपूर्ण तपासणी करावी, लसींची नोंद जवळ असावी, दातांचे व डोळ्यांचे काम येथेच उरकावे. औषधांची व्यापारी नावे देशोदेशी बदलतात. म्हणून चिठ्ठीवर मूळ औषधाचे नाव लिहून घ्यावे. आरोग्यविम्यात काय येते व काय वगळले आहे, हे आधीच वाचावे.

संकट केवळ रोगाचेच असते असे नाही. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनमधील भारतीय वकिलातीने विद्यार्थ्यांना तूर्त देश सोडण्याचा सल्ला दिला. २४ तारखेला युद्ध पेटले. अनेक मुले कडाक्याच्या थंडीत मैलोगणती चालत सीमेवर पोहोचली. ‘ऑपरेशन गंगा’द्वारे सरकारने त्यांना परत आणले. वकिलातीकडे नाव नोंदविणे आणि तिच्या सूचनांकडे लक्ष ठेवणे किती निकडीचे असते, हे त्या दिवसांनी शिकविले.

शेवटी पालकांना एक विनंती. घरचे काळजी करतील किंवा कर्ज काढून पाठविले आहे, या संकोचाने मुले आपले आजारपण आणि उदासी लपवितात. फोनवर गुणांची चौकशी करण्याआधी झोप आणि जेवण यांची करावी. ‘जमत नसेल तर परत ये, घर तुझेच आहे’ हे वाक्य निरोपाच्या वेळीच सांगून ठेवावे. ते ऐकलेले मूल परत येईलच असे नाही. पण वेळीच डॉक्टरकडे जाईल.