कुदळ पडण्यापूर्वी
(सरपंच, शिक्षक व अधिकारी यांच्या शिबिरात केलेले भाषण)



महामार्ग रुंद होणार म्हटले की जमीन आणि तिचा मोबदला, हे दोन विषय आपल्या मनात प्रथम येतात. ते स्वाभाविकच आहे. परंतु तिसरा विषय जमिनीखाली दडलेला असतो. पाणीयोजनेची नळवाहिनी, दूरसंचाराची केबल, विजेचे खांब हे सारे पुष्कळदा रस्त्याच्या कडेनेच गेलेले असते, आणि रुंदीकरणाला नेमका तोच पट्टा हवा असतो.

पनवेलहून पत्रादेवीपर्यंत जाणारा मुंबई-गोवा महामार्ग घ्या. कोकणातील गाव वाड्यावाड्यांनी विखुरलेले. रस्त्याच्या वरच्या अंगाला पाण्याची टाकी आणि खालच्या अंगाला वाडी असेल, तर मधली नळवाहिनी यंत्राच्या दात्यात सापडताच वाडीतील भगिनींच्या डोक्यावर पुन्हा हंडा चढतो. परस्परांना न विचारता केलेल्या खोदाईमुळे देशाचे दरवर्षी सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असे केंद्र शासनाने २०२३ साली सांगितले होते. हंड्याचा भार मात्र कोणत्याच आकड्यात मावत नाही.

असे का घडते? नकाशातील रेषा आणि जमिनीतील नळ यांचा मेळ नेहमीच असतो असे नाही. वाहिनी कोठे वळली, व्हॉल्व्ह कोठे गाडला गेला, हे अनेकदा गावच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्यालाच ठाऊक असते. म्हणून महामार्ग यंत्रणा, महावितरण, जिल्हा परिषदेचा पाणीपुरवठा विभाग आणि दूरसंचार कंपन्या यांच्या संयुक्त पाहणीत त्या कर्मचाऱ्याला आवर्जून न्यावे. शंका असेल तेथे हाताने चाचणी खड्डा घ्यावा आणि आढळलेली वाहिनी नकाशावर नोंदवून सर्वांच्या सह्या घ्याव्यात.

खोदाईपूर्वी सूचना देण्यासाठी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप २२ मार्च २०२३ रोजी सुरू झाले. खोदणाऱ्याने कळविले की वाहिनीच्या मालकाला इशारा जातो. पण ज्या वाहिनीची नोंदच नाही, तिचा इशारा कोणास जाणार?

आणखी दोन गोष्टींचा आग्रह धरावा. नव्या वाहिनीची चाचणी होऊन घराघरांत पाणी पोहोचल्याखेरीज जुनी तोडू नये. वाहिनी रस्ता ओलांडते तेथे ती मोठ्या नळातून न्यावी, म्हणजे पुढे दुरुस्तीसाठी रस्ता फोडावा लागणार नाही. राष्ट्रीय महामार्गाच्या जमिनीतून नळ वा केबल नेण्यास २००२ च्या कायद्यानुसार परवानगी लागते. स्थलांतराच्या खर्चाचा प्रश्न निघाला की त्या परवानगीच्या अटी पाहिल्या जातात. तेव्हा ते कागद ग्रामपंचायतीच्या दप्तरी जपून ठेवावेत.

शिक्षकबंधूंनी वरच्या वर्गातील मुलांकडून गावच्या पाणीवाटेचा नकाशा काढून घ्यावा आणि सरपंचांनी तो येत्या ग्रामसभेपुढे ठेवावा. रस्ता देशाचा आहे, नळ गावाचा आहे. दोन्ही जनतेच्याच पैशातून उभे राहिले आहेत. एकासाठी दुसरे मोडू नये, एवढीच विनंती.