आमवात आणि ताकाची वाटी

आमवातांत शरीराची संरक्षक शक्तिच सांध्यांवर उलटते. सकाळीं बोटें आखडतात, सुजतात. पोटांतील जंतूंशीं या विकाराचा संबंध काय? वार्धक्य लांबविण्यासाठीं आंबट दुधांतील जंतु सेवन करावेत, असें पॅरिसच्या पाश्चर संस्थेंतील मेचनिकॉफ यांनीं १९०७ सालीं सुचविलें. पुढें २०१३ सालीं न्यूयॉर्कच्या संशोधकांना, आमवात नुकताच जडलेल्या व उपचार न घेतलेल्या रुग्णांच्या आंतड्यांत ‘प्रिव्होटेला कोप्री’ हा जंतु निरोगी माणसांहून अधिक वेळां आढळला. तो कारण कीं परिणाम, हें त्यावरून ठरत नाहीं. हितकारी जंतु दिल्यानें कांहीं लहान प्रयोगांत रोगाचा जोर किंचित् ओसरला. सांध्यांची झीज थांबल्याचें मात्र सिद्ध झालेलें नाहीं. ती झीज मेथोट्रेक्सेटसारखीं औषधें मंदावूं शकतात, पण वेळीच घेतलीं तर. झिजलेला सांधा पूर्ववत् होत नाहीं. ताक जेवणांत असावें, औषधाच्या जागीं नव्हे.