गिरणीच्या जमिनीत कामाचा वाटा कुठे?

मागच्या भागात १९८२च्या संपापाशी थांबलो होतो, आज जमिनीकडे येऊ. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम ५८ ढोबळमानाने सांगत होता: गिरणीची जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१मध्ये दुरुस्ती झाली आणि वाटणी उरली फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जागेची. शेड पाडून सुटणारी जमीन हिशेबातच नाही! २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते उचलून धरलं.

मला खटकतं ते वेगळंच. तीन वाट्यांत बागा होत्या, घरं होती. रोजगारासाठी म्हणून राखलेली जमीन नव्हतीच. आज लोअर परळला ऑफिसं आहेत, नोकऱ्याही आहेत हो. पण साचेवाल्याला तिथे कुठलं काम मिळणार होतं?