सही कोणी करायची?



पहिलं महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ रोजी सकाळी अकरा वाजता थांबलं, हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. पण त्या पहाटे शस्त्रसंधीच्या कागदावर सह्या करणाऱ्या जर्मन शिष्टमंडळाचे प्रमुख कोण होते, असं विचारलं तर बहुतेकांना एखाद्या सेनापतीचं नाव असेल असं वाटतं. ते होते मथियास एर्झबर्गर. आधी शिक्षक, मग पत्रकार, आणि नंतर कॅथलिकांच्या सेंटर पक्षाचे खासदार. सोबत एक जनरल आणि एक नौदल अधिकारी होते, पण मुख्य सही या मुलकी माणसाची. आज मी त्या सहीबद्दलच बोलणार आहे.

हरल्याची कबुली सर्वांत आधी दिली ती लष्करानेच. २९ सप्टेंबर १९१८ रोजी सेनापती लुडेनडॉर्फ आणि हिंडेनबर्ग यांनी कैसरला, म्हणजे जर्मन सम्राटाला सांगितलं, की आता ताबडतोब युद्धबंदी मागा. त्याच वेळी लुडेनडॉर्फने आपल्या अधिकाऱ्यांना असंही सांगून ठेवलं, की राजकारणी मंडळींना सरकारात घ्या आणि हे सगळं त्यांनाच निस्तरू द्या. चार वर्षं सगळी सूत्रं हातात होती ती सेनापतींच्या. निस्तरायची पाळी आली तेव्हा मात्र त्यांना संसद आठवली.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला एर्झबर्गर पांढरं निशाण लावलेल्या मोटारीतून फ्रेंच हद्दीत शिरले. तिथून आगगाडीने त्यांना कोंपिएनच्या जंगलात नेलं. दोस्तांचे सरसेनापती फॉश तिथे रेल्वेच्या एका डब्यात बसले होते. जेवणाच्या डब्याचंच त्यांनी कार्यालय केलं होतं. वाटाघाटी म्हणाव्यात असं काही झालंच नाही. फॉश यांचे सहायक जनरल वेगां यांनी अटी वाचून दाखवल्या आणि बहात्तर तासांची मुदत दिली. पाच हजार तोफा द्या, पाच हजार रेल्वे इंजिनं द्या, दीड लाख वॅगन द्या, जिंकलेला मुलूख सोडा. आणि समुद्रावरची नाकेबंदी मात्र चालूच राहील. मुदत संपायच्या आत कैसर हॉलंडला पळाला होता. बदलता येतील तेवढ्या अटी बदलून घ्या, नाही जमलं तरी सही करा, असा निरोप हिंडेनबर्ग यांनीच पाठवला.

सह्या झाल्या पहाटे पाचच्या सुमारास, आणि तोफा थांबायच्या होत्या अकराला. मधल्या सहा तासांत दोन्ही बाजूंची माणसं मरतच राहिली. अमेरिकेचा हेन्री गुंथर तर अकराला एक मिनिट असताना पडला.

आता बर्लिनच्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. शत्रूचं सैन्य शहराच्या आसपासही फिरकलेलं नाही. डिसेंबरात आपल्याच पलटणी शिस्तीत, बँड वाजवत परत येत आहेत, आणि एबर्ट, म्हणजे नव्या सरकारचे प्रमुख, त्यांना सांगत आहेत की कोणत्याही शत्रूने तुम्हाला हरवलेलं नाही. मग हरलो कसे? वर्षभराने हिंडेनबर्ग यांनी संसदीय चौकशी समितीपुढे त्याचं उत्तर दिलं: लष्कराच्या पाठीत खंजीर खुपसला गेला. युद्धबंदी मागा म्हणणारे ते, सही करा म्हणणारे ते, आणि साक्षीला उभे राहिले तेही तेच! एवढा निगरगट्टपणा इतिहासात क्वचितच दिसतो.

एर्झबर्गर पुढे अर्थमंत्री झाले, श्रीमंतांवर कर बसवून त्यांनी आणखी शत्रू केले. २६ ऑगस्ट १९२१ रोजी ब्लॅक फॉरेस्टमध्ये फिरायला गेले असताना त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. मारेकरी होते दोन माजी लष्करी अधिकारी. ते परदेशी पळाले, आणि १९३३ मध्ये नाझी सरकारने त्यांना माफी दिली.

शस्त्रसंधी म्हणजे तह नव्हे. तो व्हर्सायला २८ जून १९१९ रोजी झाला. तिथेही जर्मनीच्या वतीने दोन मुलकी मंत्रीच सहीला बसले. त्या तहावर हिंदुस्थानचीही सही आहे. दहा लाखांहून अधिक हिंदी सैनिक समुद्रापार लढले होते. मेसोपोटेमियात कुतला वेढ्यात अडकून कैद झालेली डिव्हिजन तर पुण्याच्याच नावाची होती, आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. सह्या मात्र भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह यांच्या. काँग्रेसने डिसेंबर १९१८ च्या दिल्ली अधिवेशनात पॅरिसच्या शांतता परिषदेसाठी लोकमान्य टिळकांचं नाव सुचवलं होतं. टिळक त्या वेळी पत्रकार चिरोल यांच्याविरुद्धच्या खटल्यासाठी लंडनमध्येच होते, पॅरिस अगदी जवळ. पण सरकारने त्यांना तिथे जाऊ दिलं नाही. त्यांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना हिंदुस्थानची बाजू मांडणारं पत्र तेवढं पाठवलं. इकडे रौलट कायदा झाला होता, आणि एप्रिलमध्ये जालियनवाला बाग घडली.

सही कोणी करायची, हाच प्रश्न वीस-एकवीस वर्षांनी हरत चाललेल्या फ्रान्सपुढे आला. जून १९४० मध्ये पंतप्रधान रेनो यांचं म्हणणं होतं, की शरणागती लष्कराने पत्करावी, सरकार बाहेरून लढत राहील. सरसेनापतींनी साफ नकार दिला: लष्कराच्या इज्जतीचा प्रश्न आहे, युद्धबंदी सरकारनेच मागावी. हे सरसेनापती कोण? वेगां! रेल्वेच्या डब्यात जर्मनांना अटी वाचून दाखवणारे. एकदा समोरच्या बाजूला बसून पाहिलेला धडा त्यांनी बरोबर लक्षात ठेवला होता. शेवटी रेनो गेले, त्यांच्या जागी पेतां आले, आणि हिटलरने संग्रहालयातून तोच डबा काढून त्याच जागी नेऊन फ्रान्सची सही घेतली.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी मात्र दोस्तांनी लष्कराला सहीतून निसटू देणारी ही फट बुजवली. विनाशर्त शरणागतीच हवी, असं रूझवेल्ट यांनी जानेवारी १९४३ मध्ये कासाब्लांकाला जाहीर केलं. ७ मे १९४५ रोजी रॅन्स गावी जनरल योडल यांनी सही केली. तेवढ्याने सोव्हिएत सरकारचं समाधान झालं नाही. जर्मन लष्कराचा सर्वोच्च अधिकारी हवा आणि जागाही बर्लिनचीच हवी, असा आग्रह त्यांनी धरला. म्हणून ८ मेच्या रात्री बर्लिनमधल्या कार्ल्सहोर्स्टला फील्डमार्शल कायटेल यांना स्वतः येऊन बसावं लागलं. या वेळी बर्लिनकरांना कोणी काही पटवून द्यायची गरज नव्हती. शहराचा ढिगारा झाला होता आणि रस्त्यांवर रशियन रणगाडे उभे होते.

जपानच्या बाबतीत दोन सह्या मागण्यात आल्या, एक सरकारची आणि एक लष्कराची. २ सप्टेंबरला मिसुरी युद्धनौकेवर परराष्ट्रमंत्री शिगेमित्सु यांच्यानंतर जनरल उमेझु पुढे आले. उमेझु यांना यायचं नव्हतं. सम्राटाने सांगितलं, तेव्हा ते आले.