भागोजीचा जामीन आणि सूटर साहेबाची बढती
(कार्यकर्ता शिबिरातलं भाषण)



मुंबईला फ्रँक सूटर नावाचा गोरा पोलीस कमिशनर होता. १८६४ ते १८८८, चोवीस वर्षं. १८७५ साली सरकारनं त्याला 'सर' केलं. पण त्याचं नाव झालं ते आपल्या डोंगरात, म्हणून आज त्याची गोष्ट सांगतो.

सिन्नर तालुक्यातल्या नांदूर-शिंगोट्याचा भागोजी नाईक, जातीनं भिल्ल. आधी तो स्वतःच नगरच्या पोलिसात अंमलदार होता. १८५५ ला त्याच्यावर दंग्याचा आणि पोलिसांना अडवल्याचा गुन्हा लावला, वर्षाची कैद दिली. सुटून आला, तर म्हणाले, आता वर्षभर चांगल्या वागणुकीचा जामीन दे. शिक्षा भोगली, तरी जामीन! आपल्याला हे नवं नाही. आज त्यालाच चॅप्टर केस म्हणतात.

जामिनाची मुदत संपली आणि १८५७ ला भागोजी पन्नासेक भिल्ल घेऊन पुणे-नाशिक रस्त्यावरच्या डोंगरात जाऊन बसला. पोलीस सुपरिटेंडेंट हेन्री धरायला आला, तो ४ ऑक्टोबरला मारला गेला. मग सरकारनं काय केलं? नटाल साहेबाच्या हाताखाली कोळ्यांची पलटण उभी केली. भिल्लाच्या मागावर कोळी! डोंगरातल्या वाटा गोऱ्याला कुठं ठाऊक होत्या? १८६१ ला गरज सरली, पलटण मोडून टाकली.

सूटर तेव्हा धारवाडकडं होता. १८५८ ला नरगुंदच्या संस्थानिकाला त्यानंच पकडलं. मग त्याला भिल्लांच्या बंदोबस्ताला इकडं आणला. ११ नोव्हेंबर १८५९ ला सिन्नरातच, मिठसागरला, त्यानं भागोजीला गाठलं. भागोजी आणि त्याचे बहुतेक सोबती तिथंच पडले. पाच वर्षांत सूटर मुंबईचा कमिशनर झाला. सरकारी गॅझेटियरात भागोजीच्या माणसांना 'टोळी' म्हटलंय. आपल्या मोर्चालाही पोलीस पाटलाच्या कागदात तोच शब्द असतो, बघा कधी.

आता कामाचं. १२६ नाहीतर १२९ कलमाची (पूर्वीचं १०७, ११०) नोटीस आली की घाबरून अंगठा उठवू नका. कोणत्या माहितीवरून जामीन मागताय, हे मॅजिस्ट्रेटनं लेखी द्यावं लागतं आणि ते वाचून दाखवावं लागतं. ती माहिती खरी की खोटी, याची चौकशीही करावी लागते. तारखेला हजर राहा, एकटे जाऊ नका. नोटिशीचा कागद चुलीत घालू नका, बैठकीला घेऊन या.